पहिल्यांदाच प्रायश्चित्तकाळ पाळताय? राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतची वाट

आमच्या धर्मग्रामात दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, मागच्या बाकांवर दोन-चार नवे चेहरे दिसतात. कुणी नुकतंच लग्न होऊन आलेली सून, कुणी दहा-बारा वर्षांनी चर्चची पायरी चढलेला, कुणी नुसताच मित्राबरोबर आलेला. शेजारचा उभा राहिला की उभं राहायचं, बसला की बसायचं, असं त्यांचं चाललेलं असतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर बाहेर चपला शोधताना हळूच विचारतात, "आता पुढं काय करायचं?" हा लेख त्यांच्यासाठी.

मी वसईचा आणि कॅथलिक, त्यामुळे सांगतोय तेही तिथलंच. ईस्टरआधीच्या या चाळीस उपवासाच्या दिवसांना आम्ही प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ म्हणतो. गोव्यात पोर्तुगीजवरून आलेला 'कोरेजम' हा शब्द चालतो. प्रॉटेस्टंट मंडळींत 'लेंत' म्हणतात आणि त्यांच्याकडे नियम कमी, वचनांवरची प्रवचनं जास्त.

आधी एका शब्दाविषयी

आपल्या 'पश्चात्ताप' या शब्दात तापच आहे, नंतर होणारा. म्हणून नव्या माणसाला वाटतं की चाळीस दिवस तोंड पाडून हिंडायचं आणि मनातल्या मनात जळत बसायचं. बायबलच्या हिब्रू भागात यासाठी येणारा 'शूव' हा शब्द अगदी साधा आहे: माघारी वळणं. ग्रीकमधला 'मेटानोईया' म्हणजे मन पालटणं. चुकीच्या बाजूच्या लोकलमध्ये चढलोय हे कळल्यावर डब्यात कितीही वाईट वाटून घेतलं तरी गाडी चर्चगेटकडेच जाणार. उतरायला लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या उतरण्याच्या आहेत. वाईट वाटलं तर वाटू द्या, नाही वाटलं तरी घाबरू नका.

तारखा कशा काढायच्या

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. चर्चची पौर्णिमा ठरलेल्या कोष्टकावरून काढतात, तरी आपल्या पंचांगाशी ती बहुधा जुळते: कधी होळीची, कधी हनुमान जयंतीची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये १ मार्च आणि १६ एप्रिल.

४६ मग ४० कसे? मधले सहा रविवार वजा करायचे. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. चाळीस हा आकडा येशूने रानात केलेल्या उपवासावरून आला. ३२५ सालच्या नायसियाच्या धर्मसभेच्या नियमांतही या 'चाळिशी'चा उल्लेख आहे. त्या काळी हे दिवस मुख्यतः ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचे असत. म्हणजे हा काळ मुळातच नवख्यांचा आहे, जुन्यांनी तो नंतर आपलासा केला. त्यामुळे मागच्या बाकावर बसून संकोचायचं कारण नाही.

एक गंमत लक्षात असू द्या. शेजारी केरळचे सिरो-मलबार (वेगळ्या परंपरेचे कॅथलिक) कुटुंब असेल तर त्यांचा उपवास बुधवारच्या आधीच, सोमवारी सुरू झालेला दिसेल, आणि ते पन्नास दिवसांचा म्हणतात. तुमचं कॅलेंडर चुकलेलं नाही.

पहिली पायरी: आदल्या आठवड्यात

घरात गेल्या वर्षीची झावळी असेल तर ती शोधा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेली, क्रुसामागे किंवा फोटोच्या चौकटीत खोचलेली, आता तपकिरी होऊन वाकलेली. ती चर्चमध्ये नेऊन द्यायची. आमच्याकडे त्या सगळ्या घमेल्यात जाळतात. सुक्या झावळ्या भसकन पेटतात, धूर फार होत नाही, आणि पोतंभर पानांची राख जेमतेम दोन वाट्या निघते. ती पिठाच्या बारीक चाळणीतून चाळायची, नाहीतर लोकांच्या कपाळावर काड्या टोचतात. एका वर्षी आम्ही चाळायला विसरलो होतो. पहिल्या रांगेतल्या आजींनी फादरांना वेदीसमोरच सुनावलं.

याच आठवड्यात काय सोडायचं ते ठरवा. एकच गोष्ट. नवी माणसं उत्साहात चहा, मटण, मोबाइल, सिनेमा सगळं एकदम सोडतात आणि दुसऱ्या रविवारपर्यंत सगळं परत धरतात. गोव्यात कार्निव्हलचे तीन-चार दिवस खाऊनपिऊन मग माणसं कोरेजममध्ये शिरतात. त्यात शहाणपण आहे, संपवायचं ते आधीच संपवून टाकायचं. घरातली बिअर 'मोहाची परीक्षा' म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका.

निवडताना माझा निकष असा: जी गोष्ट सोडल्याने घरातल्या दुसऱ्या कुणाला दिलासा मिळेल ती आधी. तुम्ही साखर सोडली तर फायदा तुमच्या वजनाला. रात्री जेवताना फोन सोडलात तर समोर बसलेल्या माणसाला.

दुसरी पायरी: राखेचा बुधवार

पहाटे आणि संध्याकाळी मिस्सा असते, कामावर जाणाऱ्यांना दोन्ही जमतात. प्रवचनानंतर रांग लागते. फादर राखेने कपाळावर क्रूस काढतात किंवा डोक्यावर चिमूटभर टाकतात आणि दोनपैकी एक वाक्य म्हणतात: माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, ही आठवण, नाहीतर पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा, हे येशूचे शब्द. राख कुणालाही घेता येते, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. कम्युनियनचं, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीचं, तसं नाही. ते कॅथलिक असलेल्यांनी, तेही तयारीनिशी घ्यायचं. तुम्ही अजून त्यात नसाल तर त्या वेळी जागेवर बसून राहा, कुणी वेडंवाकडं बघत नाही.

राख भुवईवर, नाकावर सांडते. पुसू की नको? पुसली तरी पाप नाही. त्याच दिवशी वाचलं जाणारं मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं शुभवर्तमान तर सांगतं की उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दाखवू नकोस. ऑफिसात कुणी "कपाळाला काय लागलंय" म्हणून विचारलं तर साधं उत्तर द्या.

त्या दिवसापासून चर्चमध्ये जांभळा रंग दिसेल, वेदीवर फुलं नसतील, 'आलेलुया' ऐकू येणार नाही. चौथ्या रविवारी फादर एकदम गुलाबी झग्यात आले तर दचकू नका. अर्धी वाट सरली म्हणून तेवढा एक दिवस आनंदाचा असतो.

तिसरी पायरी: ताटात काय

नियम थोडके आहेत. उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्यांनी त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस नाही, १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना. आजारी, गरोदर, अंगावर दूध पाजणाऱ्या बायका, अंगमेहनतीचं काम करणारे यांना सूट आहे. मधुमेहाची गोळी घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, फादरांना नंतर.

हिंदू घरातून आलेल्या मुली हमखास विचारतात, "साबुदाण्याची खिचडी चालते का?" चालते. पण भगर-साबुदाणा आणि भात-भाकरी असा भेद इथे नाहीच. काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं हे पाहायचं. तुपातली बशीभर खिचडी, वर दही आणि केळं, हा आपल्या हिशेबाने उपवास नव्हे.

आता माशांचं. मासे, अंडी, दूध यांना नियमात मनाई नाही. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट तळलं जातं आणि घरधनी समाधानाने ढेकर देऊन म्हणतो, आज मांस नाही हं. चिकनपेक्षा कितीतरी महाग पापलेट! नियम पाळला गेला, मान्य. पण त्या दिवशी वालाचं बिरडं आणि भात खाऊन वाचलेले पैसे बाजूला ठेवलेत तर उपवासाला अर्थ येतो. यशयाच्या ५८व्या अध्यायात संदेष्टा हेच खडसावून सांगतो: भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, हाच मला आवडणारा उपवास. एक जुना डबा घ्या, शुक्रवारी वाचले ते त्यात टाका, पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, तो कुठे रिकामा करायचा ते आजच ठरवा. ठरवलं नाही तर ते पैसे ईस्टरच्या केकला जातात, अनुभव आहे.

चौथी पायरी: झाडाझडती

पहिल्या दोन आठवड्यांत एका संध्याकाळी अर्धा तास काढा. वही घ्या. दहा आज्ञा समोर ठेवून 'हे केलं, हे नाही केलं' अशा खुणा करता येतात, पुष्कळ जण तसंच करतात. मला ते परीक्षेच्या पेपरासारखं वाटतं, आणि खून-दरोडा केला नसल्यामुळे आपण चांगल्या गुणांनी पास होतो.

त्यापेक्षा बायबलमधली दावीद राजाची गोष्ट वाचा. त्याने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे घालून मारवला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तो आरोप घेऊन नाही, एक गोष्ट घेऊन: एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती, तरी पाहुणा आल्यावर त्याने गरिबाचं एकुलतं एक कोकरू कापलं. दावीद संतापला, म्हणाला, तो माणूस मरणाला योग्य आहे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. या प्रसंगाशी जोडलेलं स्तोत्र ५१ या दिवसांत चर्चमध्ये पुन्हापुन्हा म्हटलं जातं. ते मराठीत मोठ्याने वाचा, पाच मिनिटं लागतात.

यावरून माझी पद्धत: दुसऱ्यांच्या ज्या वागण्याचा आपल्याला फार राग येतो त्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर लिहायचं, मी हेच कुठे करतो? सुरुवातीला हात चालत नाही. मग चालतो. लिहिताना नावं घाला. 'मी लोकांशी नीट वागत नाही' या वाक्याने काहीच होत नाही. 'मी आईचा फोन उचलत नाही' या वाक्याने होतं. वही नंतर फाडून टाका, कुणाच्या हाती लागण्यासाठी ती नाही.

पाचवी पायरी: त्या एका माणसाकडे जाणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मीही सहा वर्षं गाळली.

वाडीत माझी आणि चुलतभावाची सामाईक विहीर. मोटरीचं बिल निम्मं-निम्मं ठरलेलं. एका उन्हाळ्यात मी घरासाठी टाकी बांधली, पाणी जास्त माझ्याकडे जायला लागलं, बिल मात्र निम्मंच राहिलं. दादाने एकदा विचारलं. मी चारचौघांत त्याला 'हिशेबी' म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद. दर प्रायश्चित्तकाळात मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचो आणि सांगायचो, "फादर, कधीकधी राग येतो." क्षमा मिळायची, प्रार्थना म्हणून घरी यायचो. सहाव्या वर्षी एका नव्या, तरुण फादरांनी जाळीपलीकडून विचारलं, "कुणावर?"

मी गप्प. मग सांगितलं. ते म्हणाले, "राग तुम्हाला येतो की त्यांना यायला पाहिजे?"

लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी गेल्यावर तो रडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तो हिशेब सांगतो: निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत. मी काही चौपटीची हिंमत केली नाही. सहा वर्षांची बिलं काढली, टाकीचा अंदाज बांधून फरक लावला, रक्कम पाकिटात घातली आणि रविवारी संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. दादा पाकिटाकडे बघत बसला. उघडलं नाही. म्हणाला, "तुझ्या टाकीचा व्हॉल्व्ह वर्षभर गळतोय. तो बघ आधी."

समेट वगैरे झाला असं म्हणणार नाही. व्हॉल्व्ह बदलला.

तुमच्यासाठी यातून काम असं: वहीतलं एक नाव निवडा, ज्याचं तुम्ही काही घेतलंय. पैसा, वेळ, मान, श्रेय, काहीही. परत देता येण्यासारखं असेल ते घेऊन जा. व्हॉट्सॲपवर 'काही चुकलं असल्यास क्षमा' असा सामूहिक संदेश टाकणं म्हणजे जाणं नव्हे. आणि 'चुकलं असल्यास' हा शब्दप्रयोग तर मुळीच नको. काय चुकलं ते सांगा, 'पण तूही' हे शब्द गिळा, दहा मिनिटांत निघा. समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे अशी अट नाही. ज्याने तुम्हाला मारहाण केली, छळलं, त्याच्याकडे जायला मात्र हा नियम लावू नका. तिथे क्षमेची गोष्ट वेगळी आहे, ती एखाद्या जाणत्या माणसाशी बसून बोलायची.

सहावी पायरी: कन्फेशन

बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी. इतरांना हा संस्कार घेता येत नाही, पण फादरांना भेटून बोलायला कुणालाच बंदी नाही. गोव्यात याला कुमसार म्हणतात. शक्यतो पवित्र आठवड्याची वाट पाहू नका. तेव्हा रांगा दारापर्यंत जातात आणि मागचा माणूस घड्याळ बघत असतो.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा. मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगा. आठवत नसेल तर "बऱ्याच वर्षांपूर्वी" एवढंही पुरतं. प्रार्थना पाठ नसतील तर सुरुवातीलाच म्हणा, "फादर, पद्धत विसरलोय, सांगाल का?" मग पापं सांगायची: काय केलं, आणि मोठी असतील तर साधारण किती वेळा. बायकोमुळे केलं, साहेबामुळे केलं, ही टिप्पणी नको. ते त्यांचं ते सांगतील. फादर दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा काम देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि ते पापक्षमा देतात. पाच-सात मिनिटांचं काम.

ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, ना पोलिसांना, ना बिशपांना. सरळ फोडलं तर ते त्या क्षणी बहिष्कृत होतात. चर्चचा कायदा गंभीर पापांसाठी वर्षातून निदान एकदा कन्फेशन सांगतो.

सातवी पायरी: शुक्रवारची क्रुसाची वाट

चर्चच्या भिंतींवर येशूच्या अखेरच्या प्रवासाची चौदा चित्रं असतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर थांबत प्रार्थना होते, गुडघे टेकायचे, उठायचे. गुडघे दुखत असतील तर बसूनच म्हणा. एखाद्या शुक्रवारी गर्दी नसताना एकटे जा आणि एकाच ठिकाणी थांबा. मी पाचव्यापाशी थांबतो. कुरेनेकर शिमोन शेतातून घरी चाललेला असतो, त्याला धरून क्रूस उचलायला लावतात. त्याने मागितलेलं नव्हतं.

मध्ये एखादा आठवडा तुम्ही घसरणार. सोडलेली गोष्ट पुन्हा कराल, शुक्रवारी कुणाच्या साखरपुड्यात बिर्याणी खाऊन बसाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा, भरपाई म्हणून दोन दिवस उपाशी राहू नका.

शेवटचा आठवडा

झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक असते, लवकर जा आणि टोपी न्या, ऊन असतं. पवित्र गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. प्रायश्चित्तकाळ खरं तर त्या मिस्सेपाशीच संपतो, पुढचे तीन दिवस वेगळे मोजतात. गुड फ्रायडेला मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचं वाचन आणि क्रुसाचं वंदन होतं. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन अशी क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, मित्र बोलावत असेल तर जरूर जा. तिथली मराठी प्रवचनं ऐकण्यासारखी असतात.

शनिवारी रात्रीची जागरणाची मिस्सा लांबते, दोन-अडीच तास धरून चाला. लहान मुलांना दुपारी झोपवा. अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या. हातातल्या मेणबत्तीला खाली पुठ्ठ्याची चकती लावा, नाहीतर मेण मनगटावर ओघळतं आणि आसपास इतकी शांतता असते की 'हाय' म्हणायचीही सोय नसते. त्याच रात्री नव्या मंडळींचे बाप्तिस्मे होतात. पुढच्या वर्षी तुम्हाला त्यांच्यात उभं राहायचं असेल तर तयारीचे वर्ग काही महिने आधी सुरू होतात, पावसाळ्यातच फादरांना भेटून ठेवा.

ईस्टरपासून पुढे पन्नास दिवस सणाचे. उपवास लांबवायचा नाही, तोही एक प्रकारचा हट्टच. सोडलेली गोष्ट परत धरायची की कायमची सोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी गेल्या वर्षी चहातली साखर सोडली होती. सोमवारी सकाळी दोन चमचे घातली आणि फोन मात्र अजून जेवताना बाहेरच्या खोलीत असतो.